पाण्याच्या वाटीत काय झालं?

१२ ऑक्टोबर, रविवार. आजचं काम : मेश्राम मॅडमवर एक पान लिहिणं.

बाल्कनीत रजया उन्हाला टाकल्या आहेत, कुकर होऊन गेला आहे आणि मानेसरला नवऱ्याच्या कारखान्यात रविवारची शिफ्ट असल्यामुळे घरात टीव्ही बंद आहे. म्हणजे सबब कुठलीच नाही. मॅडम गेल्या महिन्यात वारल्या. उद्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांची शोकसभा आहे आणि त्यानंतर त्यांचा फोटो खालच्या व्हरांड्यात लागणार आहे. फोटोखाली दोन-तीन ओळी हव्यात. प्रशासनातल्या तनेजांनी काल व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवला : ‘पलाश के बीजों से मच्छरनाशक औषधि की खोज करने वाली वैज्ञानिक.’ खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, बस ओके कर दीजिए.’

ही ओळ खोटी आहे. तनेजांचा त्यात दोष नाही. जुन्या फायलीत कधीच बाहेर न गेलेली एक प्रेसनोट पडून होती, तिच्यातून त्यांनी ती उचलली. पण ती तशीच गेली, तर जी गोष्ट मॅडमनी स्वतःच्या हाताने खोडली, तीच त्यांच्या नावाखाली कायमची टांगली जाईल. म्हणून ओके म्हणण्याआधी हे पान.

आमचं काम सांगायला सोपं आहे. जंतांवर, उवांवर, डासांवर जी झाडं चालतात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, ती आणायची, त्यांचा अर्क काढायचा आणि खरंच चालतात का ते पाहायचं. पाहायची पद्धतही सोपी. टेबलावर वाट्या मांडायच्या, त्यांत पाणी घालून डासांच्या अळ्या सोडायच्या, आणि एकेका वाटीत कमीजास्त मात्रेत अर्क घालायचा. एका वाटीत काहीच घालायचं नाही. नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी पोरंपोरी धावत सांगायला यायची, ‘मॅडम, सगळ्या मेल्या!’ त्यावर मॅडमचा एकच प्रश्न असायचा.

“पाण्याच्या वाटीत काय झालं?”

तिथल्याही मेल्या असतील, तर अर्काने काही केलं नाही; दुसरंच काहीतरी झालं. हा प्रश्न सगळेच शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत विचारतात. मॅडम तो कॅन्टीनमध्येही विचारायच्या. कुणी म्हणालं, तुळशीच्या काढ्याने मुलाचा ताप उतरला, की त्या डबा उघडता उघडता विचारणार, “आणि धाकट्याने प्यायला होता?”

“नाही, तो कडू म्हणून पीत नाही.”

“त्याचा उतरला?”

“उतरला.”

“मग काढ्याला काहून मेडल देऊन राहिले?”

मी एकदा सहज बोलून गेले, की गुरुग्रामला राहायला गेल्यापासून माझ्या मुलीचे मार्क वाढलेत. तेव्हा त्या म्हणाल्या, “दिल्लीत ठेवलेली दुसरी अशीच मुलगी आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग गप जेव.”

त्या मूळच्या गोंदियाकडच्या. उभं आयुष्य दिल्लीत काढलं, हिंदी दिल्लीवाल्यांसारखी फर्डी बोलायच्या, पण मराठीत शिरल्या की ‘काहून’ आणि ‘करून राहिली’ आलंच. माझं मराठी सातारचं. सुरुवातीला त्यांना ते फार ‘पुस्तकी’ वाटायचं. बांधा बुटका, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. थंडीत साडीवर मिलिंदरावांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि पायात स्पोर्ट्‌स शूज. त्याच वेशात त्या मंत्रालयाच्या बैठकीलाही जायच्या.

चालताना हाताला लागेल ते पान तोडून बोटांत चुरडायचं आणि हुंगायचं, ही त्यांची खोड. सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात मांडवभर झेंडूच्या माळा होत्या. मॅडमनी एक फूल चुरडलं आणि वराच्या वडिलांना गाठलं. “गुप्ताजी, इसकी जड़ें कहाँ गईं?” गुप्ताजींना वाटलं, आहेरातलं काही राहिलं. झेंडूच्या मुळांत जमिनीतले सूत्रकृमी मारणारं द्रव्य असतं, म्हणून शेतकरी भाजीच्या वाफ्याला झेंडू लावतात, हे मॅडमनी त्यांना वरात दारात उभी असताना समजावलं. “असली माल खेत में छोड़ आए आप,” असं वर म्हणाल्या.

वाळलेली मुळं, बिया आणायला आम्ही जुन्या दिल्लीत खारी बावलीच्या मसाला-बाजारात जायचो. तिथल्या मिरचीच्या धुळीत मला शिंकांवर शिंका, आणि मॅडम मात्र माहेरी आल्यासारख्या. वावडिंग घ्यायचं तर चार दाणे दातांखाली फोडून पाहणार. जंतांवर देतात ते हे वावडिंग. त्यात दुसरीच फळं मिसळून विकतात, ती त्यांना जिभेवर कळायची. एकदा वेखंडाचं पोतं उघडलं तर आत बारीक तपकिरी भुंगे. मी लगेच दुकानदाराला धरलं : “भैया, ये तो कीड़े मारने की दवा है, इसी में कीड़े?”

दुकानदार हात जोडून म्हणाला, “मॅडम, माल बिल्कुल असली है, क़सम से।”

मॅडमनी माझीच हजेरी घेतली. “असेल असली. या भुंग्याला कुणी सांगितलं नाही ना, की हे कीटकनाशक आहे म्हणून. झाड विष करते, किडा ते पचवायला शिकते, मग झाड दुसरं करते. आपण यायच्या आधीपासून चालू आहे त्यांचं. आपल्याला त्यांच्या भांडणाच्या मधातच काहीतरी मिळून जाते.” आणि त्यांनी ते वेखंड भुंग्यांसकट घेतलं. भुंगे वेगळ्या बाटलीत.

आमच्या सोसायटीतल्या बायकांना ‘हर्बल’ हा विषय फार प्रिय. त्यांनी माझ्यामागे लागून मॅडमचं व्याख्यान ठरवलं. क्लब हाऊसमध्ये फुलं, दिवे, कडुनिंबाच्या डहाळ्या, ग्रीन टी. बायका अशा अपेक्षेने बसलेल्या, की आता निसर्गमातेची थोरवी ऐकायची. मॅडमनी माईक नको म्हटलं आणि सुरुवात केली ती उवांपासून. सीताफळाच्या बियांची पूड केसांत लावली की उवा मरतात, हे खरं. पण तीच पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला भयंकर इजा होते, तेव्हा पोरींच्या डोक्याला लावायची नाही, दुकानातलं औषध आणायचं. मग डाळिंबाच्या मुळाची साल : जंत पडतात, पण मात्रा चुकली तर माणूसही पडतो.

पहिल्या रांगेतल्या मिसेस अरोरा कासावीस झाल्या. “लेकिन डॉक्टर साहिबा, नॅचरल है ना? नॅचरल से नुक़सान थोड़े ही होता है!”

“धतूरा भी नॅचरल है जी। आपकी चाय में डाल दूँ?”

हशा झाला, पण अरोराबाई रुसल्या. जाताना मॅडम मला जिन्यात म्हणाल्या, “यांना आई पाहिजे झाडात. झाड कोणाची आई नाही बाप्पा. ते आपल्या बचावासाठी विष करते. त्या विषातलं किती आपल्या कामाचं, एवढं पाहणं आपलं काम.” त्यानंतर वर्षभर मला लिफ्टमध्ये ‘धतूरे वाली मॅडम की फ्रेंड’ म्हणत होते.

असं सगळ्या झाडांशी हिशेबाने वागणाऱ्या या बाईचा जीव एका झाडात मात्र अडकला होता. पळस. लहानपणी पोटात जंत झाले, की त्यांची आई पळसाच्या बिया, पळसपापडी, वाटून गुळातून द्यायची. “चव विचारू नको,” त्या म्हणायच्या, “पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाता यायचं.” त्या बियांतलं जंतांवर चालणारं द्रव्य फार पूर्वीच लोकांनी शोधून ठेवलं होतं. मॅडमना वाटायचं, पळसात आणखी काहीतरी आहे. दुसरी कामं चालू असतानाही पळसाच्या बियांचा एक खण त्यांच्या कपाटात कायम असायचाच.

निवृत्तीला काही महिने राहिले असताना पळस त्यांना पावला असं वाटलं. बियांच्या तेलकट अर्काने डासांच्या अळ्या मरत होत्या, पण तेल पाण्यात मिसळत नव्हतं. एका छोट्या कारखान्याच्या लोकांनी ते मिसळेल अशी बाटली तयार करून पाठवली. वाट्या मांडल्या, आणि निकाल इतका देखणा आला की आमचा विश्वास बसेना. थोडं घातलं तर थोड्या अळ्या मेलेल्या, जास्त घातलं तर जास्त, आणखी घातलं तर सगळ्या. पाण्याच्या वाटीत सगळ्या जिवंत, मजेत लवलवत असलेल्या. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच.

तेव्हाचे डायरेक्टर खूश झाले. प्रेसनोट तयार झाली. कारखानदाराने मिठाई पाठवली. मॅडमची एक बढती वर्षानुवर्षं अडकून पडली होती, ती आता निवृत्तीआधी होईल असं डायरेक्टर स्वतः येऊन सांगून गेले. पण मॅडमना बढतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद होता. “बाटलीवर पळसाचं फूल छापणार आहेत,” हे त्यांनी मला एकाच दिवशी दोनदा सांगितलं. त्या कधीच काही दोनदा सांगत नसत.

त्याच आठवड्यात त्यांच्या द्वारका वसाहतीतल्या घरी डेंग्यूची तपासणी करणारा पालिकेचा माणूस आला. दिल्लीत हे लोक दारोदार फिरतात, कुंड्यांच्या बशा, कूलरच्या टाक्या पाहतात, आणि अळ्या सापडल्या की चलान फाडतात. मॅडमच्या बाल्कनीतल्या कूलरमध्ये अळ्या सापडल्या. डासांवर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञ बाईला घरात डास पाळल्याचं चलान! ही गोष्ट दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच सांगितली. तपासणीवाल्याने टाकी उपडी करायला घेतली, तेव्हा त्या ओरडल्या होत्या, “रुको भैया, फेंको मत! अच्छी नस्ल है।” तो बिचारा घाबरून बाजूला झाला. मॅडमनी ओट्यावरचा एक वाडगा घेतला, त्यात नळाचं पाणी भरलं आणि गाळणीने थोड्या अळ्या त्यात सोडल्या. उद्या लॅबमध्ये नेऊन कुठल्या जातीच्या आहेत ते पाहायचं होतं. तपासणीवाला चलान हातात देऊन म्हणाला, “मॅडम, शौक़ अच्छा है, पर मोहल्ले में मत पालिए।”

सकाळी वाडग्यातल्या सगळ्या अळ्या तळाला गेलेल्या.

मिलिंदराव रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून घरातली भांडी तेच घासायचे. घासायचे चकचकीत, पण विसळायच्या बाबतीत आळशी. ही त्या घरातली जुनी कटकट. मॅडमनी वाडग्यात बोट फिरवलं. बुळबुळीत. मिलिंदरावांना वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार, म्हणून ते पेपर घेऊन बाथरूममध्ये गेले. बाहेर आले तर मॅडम तशाच उभ्या. त्यांनी विचारलं, “काय झालं? एवढं काय त्या अळ्यांचं?”

“साबणाने मेल्या,” मॅडम म्हणाल्या.

डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडची नळी टेकवून उलटी लटकते आणि त्या नळीने श्वास घेते. पाण्यात साबण आला की पृष्ठभाग तिला धरून ठेवत नाही. ती बुडते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून कारखान्याने त्या बाटलीत साबणासारखंच एक द्रव्य घातलेलं होतं. बाटली तयार आली, आम्ही तिलाच औषध धरून चाललो. अर्क वाढवला की साबणही वाढत होता, म्हणून निकाल पायरीपायरीने इतका देखणा. जिच्यावर आम्ही विसंबलो, ती पाण्याची वाटी या खेपेला निरुपयोगी होती. तिच्या जोडीला आणखी एक हवी होती : सगळं तेच, साबणासकट, फक्त पळस नाही.

हे त्या नऊ वाजता येऊन मला उभ्या उभ्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मॅडम, आधी करून तर पाहू. कदाचित पळसाचाही वाटा असेल.”

“असेल. पण आज तो मला माहीत नाही. आणि प्रेसनोट शुक्रवारी चालली.”

“डायरेक्टरना सांगण्याआधी दोन दिवस थांबलो तर?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाट्या काढायला कपाटाकडे गेले. त्या मात्र तशाच वर गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला थोडंच कळलं. डायरेक्टर म्हणाले, “मेश्रामजी, लार्वा तो मर रहे हैं ना? बाज़ार को इससे क्या कि किससे मर रहे हैं।” मॅडम म्हणाल्या, “सर, फिर बोतल पर साबुन का फोटो छापिए।” प्रेसनोट थांबली. बढतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. कारखानदार अगदी सभ्यपणे फोन घेईनासा झाला.

मग उरलेले महिने त्यांनी तो प्रयोग नीट केला. बाटली बिनपळसाची मागवली, ती आली नाही, तेव्हा इथेच तयार केली. वाट्यांच्या दोन रांगा. दोन्हीकडे अळ्या जवळजवळ सारख्याच मेल्या. पळसाच्या रांगेत किंचित जास्त, पण नाव घ्यावं इतक्या नाहीत. मॅडमनी पुन्हा केलं, बिया बदलल्या, गोंदियाहून भावाकडून ताज्या मागवल्या, पुन्हा केलं. मी जवळ होते. प्रत्येक वेळी रांग मोजून झाली, की त्या चष्मा काढून पदराने पुसायच्या, तो पुसण्याइतका मळलेला असो नसो. शेवटच्या खेपेनंतर म्हणाल्या, “जंतांपुरता ठीक आहे तो. डासांचं काय पडलंय त्याला! बीला डास थोडाच खातो.” हे त्यांनी लिहून डायरेक्टरांना दिलं, सगळ्या गटासमोर वाचून दाखवलं आणि चूक कुठे झाली ते फळ्यावर काढून नव्या पोरांना समजावलं. “चूक माझी आहे,” म्हणाल्या, “म्हणून नीट समजून घ्या. दुसऱ्याची असती तर तुम्ही हसून विसरून गेले असते.”

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, समोसे झाले. मिलिंदराव आले होते. कुणीतरी त्यांना दोन शब्द बोला म्हटलं, तर ते म्हणाले, “या संस्थेच्या संशोधनात माझा एक वाडगा आहे.” सगळ्यांत मोठ्याने मॅडम हसल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते या मार्चमध्ये. त्या तपासण्यांसाठी आमच्या बाजूच्या हॉस्पिटलात आल्या होत्या, मी त्यांना गाडीने द्वारकेला सोडायला निघाले. बऱ्याच वाळल्या होत्या, पण स्वेटर तोच आणि आवाजही तोच. ऊन चढलं होतं. रस्त्यालगतच्या रानात पळस फुलले होते. एक तर अगदी कडेला, पान एक नाही, सगळा नारिंगी. “थांबव,” त्या म्हणाल्या. मागून हॉर्न वाजत होते, तरी मी गाडी कडेला घेतली. त्या उतरल्या, झाडाखाली जाऊन वर पाहत उभ्या राहिल्या. मला वाटलं, फूल चुरडतील. चुरडलं नाही. बुंध्यावर दोनदा थाप मारली, नापास झालेल्या पोराच्या पाठीवर मारतात तशी, आणि परत येऊन बसल्या.

“दिसायला बरा आहे,” म्हणाल्या. “चल, घरी त्यांचं जेवण थांबलं असेल.”

सप्टेंबरात मिलिंदरावांचा फोन आला. घरी बुद्धवंदना होती, तिला मी गेले होते. बरेच विद्यार्थी आले होते, पार लखनौ-भोपाळहून. रडणारे थोडे, एकमेकांना मॅडमचे किस्से सांगणारे जास्त.

पान झालं. रजया आत घ्यायच्या आहेत.

सोमवार. सकाळी मेट्रोने वेळेआधी पोचले आणि थेट तनेजांकडे गेले. पान वाचायला त्यांना वेळ नव्हता, तेव्हा हिंदीत दोन ओळी लिहून दिल्या : ‘पलाश के बीजों से मच्छरों के लार्वा मरते हैं, यह निष्कर्ष इनके समूह का था। वह ग़लत है, यह इन्होंने स्वयं जाँचकर सबको बताया।’

तनेजांनी दोनदा वाचलं. “मॅडम, फोटो के नीचे ‘ग़लत’? लोग क्या सोचेंगे? थोड़ा अच्छा लिख देते हैं यार।”

“यही लिखना है।”

“डायरेक्टर साहब से पूछना पड़ेगा।”

“चलिए, साथ चलते हैं।”

नवे डायरेक्टर मॅडमना कधी भेटलेले नाहीत. त्यांनी ओळी वाचल्या, मला बसायला सांगितलं आणि काय झालं होतं ते विचारलं. मी साबणाची गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “इसके बाद इनका प्रमोशन हुआ था?”

“नहीं सर।”

त्यांनी सही केली.

खाली करोल बागेचा फ्रेमवाला येऊन थांबला होता आणि गाडी काढायला सांगणाऱ्या गार्डशी भांडत होता. मी कागद त्याच्या हातात दिला, अक्षर लांबून वाचता येईल एवढं मोठं काढ म्हटलं आणि तो काढेपर्यंत तिथेच उभी राहिले.